परवान्यासाठी लागलेलं नाव

माझ्या आईला दोन नावं होती. त्यातलं एक मी चोवीस वर्षांची होईपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही परिवहनच्या ऑफिसात, कागदपत्रांच्या भानगडीत. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्या वर्षी तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं.

सुरुवात बाबांपासून झाली. आमचं घर झाशीत लक्ष्मी गेटच्या आत, आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या पूजाअर्चा. त्यात मार्तंड दुर्वे, म्हणजे माझे बाबा, सैन्यात जाऊन ट्रक चालवायला लागले, तेव्हा आजोबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत म्हणे. बाबांनी चोवीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची आठ वर्षं ते नव्या जवानांना ट्रक शिकवत होते. निवृत्त झाल्यावर दहा वर्षं झाशी-कानपूर अशी खासगी बस चालवली, आणि त्या दहा वर्षांत त्यांच्या जिवाला एक घोर लागला.

त्या रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना गाडी कुणी शिकवलेलीच नव्हती. क्लीनर म्हणून चढायचं, उस्तादाचे कपडे धुवायचे, त्याच्यासाठी भाजी फोडणीला टाकायची, आणि तो झोपेला आला की चार मैल स्टीअरिंग हातात यायचं. एवढंच शिक्षण. डिझेल वाचवायला ही मंडळी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत. बाबा घरी येऊन कपाळाला हात लावत. "यांना कुणी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर?" असं ते इतक्यांदा म्हणाले की आमच्या घरात तो विनोद होऊन बसला होता.

एकोणनव्वदमध्ये मोटारींचे नवे नियम आले. अवजड गाडी शिकवायची तर सरकारी परवाना हवा, असं त्यात होतं. लोक वैतागले, बाबा मात्र खुलले. नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते पोथीसारखं वाचलं. शिकवणारा दहावी पास हवा, बाबा होते. मोटार दुरुस्तीचं प्रमाणपत्र हवं, सैन्यातलं होतं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी हवी; त्यांनी एक जुना ट्रक घेतला आणि मिस्त्र्याच्या मानगुटीवर बसून तसा करून घेतला. तीस दिवसांचा अभ्यासक्रम वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला. पहिल्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'गाडीत न बसता गाडीभोवती फिरणे व पाहणे.' छावणीजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं सहा ड्रायव्हर पाठवायचं कबूलही केलं, पण परवाना आला तरच.

राहिली जागा. वर्ग भरवायला खोली आणि ट्रक उभा करायला अंगण. ती होती रेल्वे कारखान्याजवळच्या नगऱ्याला, आईची.

आईचे वडील नारायणराव वैशंपायन रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. भुसावळकडून बदलीवर झाशीला आले ते इथलेच झाले. एकुलत्या एका मुलीच्या नावानं त्यांनी नगऱ्यात जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर एक खोली आणि पत्र्याची शेड होती. तेव्हा जागेच्या मालकिणीची लेखी संमती जोडली की काम झालं, असं बाबांना वाटलं. आईनं सही केली, 'अनुसूया मार्तंड दुर्वे'. बाबांनी अर्ज दिला आणि फळ्याला काळा रंग द्यायला बसले.

तीन आठवड्यांनी अर्ज परत. जमिनीच्या कागदावर मालकीण 'सिंधू, पुत्री नारायणराव'. संमती देणारी अनुसूया कोण?

ऑफिसातला बाबू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांना समजावून विचारलं, "सिंधू आपकी साली हैं क्या?" बाबा म्हणाले, पत्नीच आहे, लग्नात नाव बदललं. बाबू म्हणाला, "सरनेम बदला होगा." बाबा म्हणाले, "नाही, नावच." आता बुंदेलखंडात मुलगी सासरी गेली तरी तिचं नाव तिच्याबरोबरच जातं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून बायको त्या नावाची, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. बाबांनी प्रात्यक्षिक म्हणून टेबलावर बोटानं लिहूनही दाखवलं. शेवटी साहेबांनी तोडगा काढला: मालकिणीनं प्रतिज्ञापत्र करावं, आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः समोर येऊन सांगावं.

तारखेला आम्ही तिघं गेलो. आई नवी नारायणपेठी नेसली होती. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, तेवढ्यात निरीक्षकानं ट्रक बघायला मागितला म्हणून बाबा खाली गेले आणि फायली धरायला मला घेऊन गेले. आई एकटीच राहिली.

आम्ही वर आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. शिपायानं दारातून तीनदा पुकारा केला होता, "सिंधू, पुत्री नारायणराव!" कुणी उठलं नाही. साहेबांनी फायलीवर 'मालकीण गैरहजर' लिहून तीन महिन्यांपुढची तारीख टाकली होती. आणि मालकीण बाकावरच बसलेली होती, पदर सावरून, कधी बोलावतात म्हणून वाट बघत.

"तुला ऐकू नाही आलं?" बाबांचा चेहरा काळवंडला होता.

"आलं ना," आई म्हणाली. "मी शेजारच्या बाईला म्हटलंसुद्धा, ही सिंधू कोण आहे, बेचारी पोहोचलीच नाही दिसते."

मग तिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि खालीच बघत राहिली.

घरी आल्यावर बाबा फुटले. सहा माणसं थांबली आहेत, पंचावन्न वर्षांचा झालो, अजून किती दिवस शिकवायची ताकद राहणार, आणि तुला स्वतःचं नाव माहीत नाही! आई एरवी उलट बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "एकतीस वर्षांत कुणी हाक मारली आहे का त्या नावानं? आई-वडील गेले. तुम्हीच तर बदललंत." आणि आत जाऊन तिनं धडाधड भांडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी निर्णय जाहीर केला: सराव करायचा. जवानांना तयार करायची जी रीत त्यांना येत होती तीच त्यांनी आईवर चालवली. सूचना न देता हाक. आई पोळ्या लाटत असताना मागून एकदम, "सिंधू!" नळावर पाणी भरताना, "सिंधू!" तिनं ताबडतोब उभं राहून "जी, हाजिर" म्हणायचं. पहिले आठ दिवस ती ढिम्म वळली नाही. बाबा डोकं धरून बसायचे. मी हसून हसून बेजार व्हायचे, आणि सांगते, मला थोडी लाजही वाटायची. आपल्याच घरात कुणी परकी बाई आल्यासारखं वाटायचं.

बाबांनी त्याआधी आईला कधी कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. तांदळावर लिहिलेलं ते अनुसूया हे नावही रेशनकार्ड सोडून कुठं वापरलं नव्हतं. घरात फक्त 'अगं'.

तिसऱ्या आठवड्यात ती वळायला लागली. आणि मग कुणाच्याच ध्यानात न येता काहीतरी सुरू झालं. भाजी निवडता निवडता आई सांगायला लागली की नगऱ्याच्या क्वार्टरांत सायकल शिकलेली ती पहिली मुलगी. कारखान्याचा भोंगा वाजला की तिचे वडील फाटकातूनच हाक मारत, आणि ती धावत जाऊन त्यांचा जेवणाचा डबा हातातून घेई. तिला शिट्टी वाजवता येत होती. मी म्हटलं, "आई, तुला? शिट्टी?" तिनं दार लावून घेतलं आणि वाजवून दाखवली. मला माहीत असलेली आई सणवार, सोवळं आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळणारी होती. ही दुसरी इतकी वर्षं कुठं होती, असं मी तिला विचारलं. "होते की इथंच," ती म्हणाली. "कुणी बोलावलं नाही."

बाबांचाही आवाज बदलला. आधी तो कवायतीचा होता. नंतर नंतर ते चहाचा कप ठेवताना सहज म्हणायचे, "सिंधू, साखर कमी पडली आज." उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्या की ते हाक मारून बघायचे आणि ती "हं" म्हणायची. त्याला सराव म्हणता आलं नसतं.

एकदा मी बघितलं. बाबांनी ओसरीवरून हाक मारली. आई स्वयंपाकघरात दाराशीच उभी होती, तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. ती वळली नाही. हातातला वाडगा तसाच धरून उभी राहिली. बाबांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, तेव्हा ती "आले" म्हणाली. बाबा म्हणाले, "अजून कच्ची आहेस तू." आई म्हणाली, "असेन." मग मी लक्ष ठेवलं, तर ती रोज असंच करत होती.

दुसऱ्या तारखेला शिपायानं 'सिंधू' म्हटलं मात्र, नारायणरावांचं नाव त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत आई उभी होती. "जी, हाजिर!" अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. साहेबांनी हसून विचारलं, "आप ही सिंधू हैं?"

"जी, मैं ही हूँ."

"और ये अनुसूया?"

"वो इनके घर की हैं," आई बाबांकडे हात करून म्हणाली.

साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी सही केली.

महिन्याभरात परवाना आला. बाबांनी तो काच लावून नगऱ्याच्या खोलीत टांगला. सहा ड्रायव्हर आले, दाढ्या वाढलेले, वीस-वीस वर्षं गाड्या हाकलेले, आणि बाबांच्या हातात खडू बघून शाळेतल्या मुलांसारखे ताठ बसले. बाबांना ते मास्टरजी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी त्यांना ट्रकभोवती तासभर फिरवून बाबा घरी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. अनेक वर्षं जे मागितलं ते माणसाला मिळालेलं मी एवढ्या जवळून त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण सुनावणीहून परत येताना टेम्पोतच बाबा म्हणाले होते, "अगं, तो पाण्याचा थर्मास दे." तेव्हापासून घरात पुन्हा 'अगं' सुरू झालं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. काम संपलं, सराव संपला, एवढंच. सकाळी ते जुनी वही काखेत मारून नगऱ्याला निघायचे. आई दारापर्यंत यायची, पाठ करून तुळशीला पाणी घालत रेंगाळायची. "अगं, येतो," म्हणून बाबा जायचे. मी एकदा त्यांना सांगणारच होते. आईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मागून घेतलेली हाक तिला नको होती.

दिवाळीनंतर परवान्याच्या नकलेवर शिक्का घ्यायला बाबा आणि मी परिवहनच्या ऑफिसात निघालो. आई म्हणाली, मीही येते. तिचं तिथं काहीच काम नव्हतं. ती तीच नारायणपेठी नेसली. बाबांनी शिक्का घेतला आणि बाहेर नव्या तुकडीचे ड्रायव्हर ट्रकमध्ये थांबले होते म्हणून ते भराभर जिना उतरले. आई खिडकीशीच थांबली.

"भैया, ये परवाना कितने बरस का है?" तिनं बाबूला विचारलं.

"पाँच साल का, अम्मा."

"फिर पाँच साल बाद सुनवाई होगी? मुझे आना पड़ेगा?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. पाच वर्षं म्हणजे तिला जवळच वाटत होती.

बाबूनं मान वर केली. म्हाताऱ्या बाईचा हेलपाटा वाचवल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं. "नहीं, अम्मा. बस फीस जमा होगी, मास्टरजी अकेले आ जाएँगे. आपका नाम तो चढ़ गया. अब आपको कोई नहीं पुकारेगा."

"अच्छा," आई म्हणाली.

मला त्या बाबूचा राग आला, बाबांचा आला, तांदळाच्या त्या ताटाचा आला. आपणच तिला त्या नावानं मोठ्यानं हाक मारावी असं फार वाटलं. पण लेकीच्या तोंडून ते नाव निघेना.

"अगं, चल ना! पोरं ताटकळलीत," खालून बाबा ओरडले.

आई पहिल्याच हाकेला वळली.