तुळशीवरचा सरडा

हौस आमच्या ह्यांची आणि उस्तवार माझी, हा आमच्या संसाराचा नियम लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेला. हे नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपात कामाला होते. शनिवारी संध्याकाळी देवळालीला घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. मधले सगळे दिवस घरात मी आणि सासूबाई. बहात्तरच्या दुष्काळातल्या अशाच एका रविवारी हे शेतातून आले ते टोपीत सरडा घेऊन. गुरांना वैरण नव्हती म्हणून लोक बांधावरची झाडं, कुंपणं, जे हिरवं दिसेल ते तोडत होते. त्या तोडलेल्या फांद्यांत हा सापडला. साधा सरडा नव्हे. हिरवागार, शेपटीची गुंडाळी करणारा, एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरवणारा. शहरातली माणसं याला शॅमेलिऑन म्हणतात हे मला फार वर्षांनी कळलं. सांभाळ म्हणाले आणि सोमवारी निघून गेले.

मला आधी रागच आला. माणसांच्या तोंडात पाणी नाही आणि हा पाहुणा कुठून आणला? सासूबाईंनी तर तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. सरडा अंगावर पडला तर वाईट होतं, हे त्यांचं पक्कं. त्या त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहायच्या नाहीत. मी त्याला अंगणातल्या डाळिंबावर ठेवलं. ते डाळिंबही वाळून काटकी झालेलं. मी नाकतोडे धरून आणायचे, तो लांबलचक जीभ फेकून गट्टम करायचा. हळूहळू असं झालं की मी अंगणात पाऊल टाकलं की त्याचा एक डोळा माझ्याकडे वळायचा. त्या घरात मी आले काय, गेले काय, कुणाला फरक पडत नव्हता. त्याला पडायचा. म्हणून जीव लागला, दुसरं काही नाही.

शेजारणींचा वेगळाच ताप. येईल ती बाई 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे ऐकवून जायची, जणू मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. एकीला मी म्हटलंही, कुंपण राहिलंय कुठं, ते बैलांच्या पोटात गेलं. त्यावर सून फटकळ आहे असा बोभाटा झाला.

खरी अडचण पाण्याची होती. पाट कोरडा, विहिरीत नुसता गाळ. टँकर यायचा तेव्हा रांगेत भांडून जे मिळेल ते खरं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी म्हशीला, अशी सासूबाईंची शिस्त. माझ्या हातून ओंजळभर सांडलं तर संध्याकाळपर्यंत ऐकावं लागायचं. सूट होती ती फक्त तुळशीला. सासूबाई स्वतः तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायच्या, पण तुळशीच्या मुळाशी रोज सकाळी पाणी पडायचंच. गाव करपलं तरी आमची तुळस हिरवी होती. आणि हा सरडा असा नाठाळ, की वाटीतल्या पाण्याला तोंड लावायचा नाही. पानावरचा थेंबच टिपणार. मी भांडी घासून झाली की ओले हात त्याच्यावर झटकायची. तेवढ्यावर तो भागवायचा.

मग एका सकाळी तो काळवंडून बसलेला दिसला. मान वर ताणलेली, तोंड उघडं, दिवसाउजेडी डोळे मिटलेले. श्वास घेताना बारीक टकटक आवाज यायचा आणि नाकपुडीशी फेस जमायचा. मी त्याला झाकणाच्या दुरडीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे हडकुळ्या बैलांची ही रांग. लोक मला हसत होते आणि मी त्यांच्याकडे न बघता उभी होते. डॉक्टर मात्र हसले नाहीत. छातीत कफ भरलाय म्हणाले, गुरांच्या औषधातली चिमूटभर पिवळी पूड दिली. पाण्यात कालवून रोज थेंब पाजायचा, सकाळचं ऊन द्यायचं, चुलीच्या धुरापासून लांब ठेवायचं आणि भोवतीचा पाला ओला ठेवायचा. पाला ओला ठेवायचा, त्या वर्षी. मला हसावं की रडावं कळेना.

औषध पाजणं म्हणजे शिक्षा होती. एरवी तोंड उघडं टाकून बसणारा हा, थेंब जवळ नेला की दातखीळ बसल्यासारखा. चमच्याच्या दांड्याने तोंड उघडावं तर फुत्कारायचा, अर्धं औषध माझ्या लुगड्यावर. तुझ्यासाठीच करतेय रे मेल्या, असं मी त्याला रोज बजावायची.

एक दिवस टँकरवरून हंडा घेऊन आले तर अंगणात ओव्याचा आणि लसणाच्या सालीचा वास. सासूबाईंनी खापरात निखारे घेऊन त्यावर ओवा आणि साली टाकल्या होत्या आणि वर सरड्याची दुरडी ठेवली होती. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाला आमच्याकडे अशीच धुरी देतात. आत तो काळाठिक्कर पडून तोंड वासत होता. मी हंडा तसाच टेकवला, दुरडी उचलली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूबाईंवर ओरडले.

"तुमाला कुनी सांगितलं हुतं ह्यात पडायला?"

"माझी समदी लेकरं ह्याच धुरीवर जगली," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

धुरीनंतर तो जास्तच खचला. चिडचिड कुणावर काढावी तेही समजेना. दुष्काळावर काढता येत नाही, हे तर नागापुरात. शेवटी एका सकाळी मी मनाचा हिय्या करून त्याला उचललं आणि गावातल्या त्या एकुलत्या एक हिरव्या झाडावर, तुळशीवर ठेवलं. तेवढ्यात सासूबाई अंघोळ करून तांब्या घेऊन आल्या. तुळशीवर सरडा. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मीही पदर खोचून तयार राहिले. पण रोजच्यासारखं मुळाशी न ओतता त्यांनी तांब्यात बोटं बुडवली आणि पानापानावर शिंपडायला लागल्या. एक थेंब ओघळून त्याच्या तोंडाशी आला. त्याने तो टिपला.

"म्या तुळशीला घातलंय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कुनी प्यालं तर मला ठाव न्हाई."

मग रोज तसंच चाललं. कोवळं ऊन, ओली पानं, माझा औषधाचा थेंब. त्याच्या अंगावर पुन्हा हिरवा रंग चढला, एकदा नाकतोडाही खाल्ला. रविवारी ह्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, मी म्हटलंच होतं, जगतोय तो. लाटणं हातात होतं, पण मी पोळीवरच चालवलं.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. पूड संपली. दवाखान्यात गेले तर डॉक्टर गुरांच्या छावणीवर गेलेले, कधी येतील कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशीही तेच. छातीतली टकटक परत सुरू झाली. आणि एका सकाळी तो तुळशीवरच थंड होऊन बसलेला सापडला, शेपटी खोडाला घट्ट गुंडाळलेली. मला ती सोडवेना. ज्यांनी त्याला कधी बोट लावलं नव्हतं त्या सासूबाईंनी ती हलक्या हाताने सोडवली.

"धुरीनं गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

कितीतरी दिवस मला हेच त्यांना सुनवायचं होतं. मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

"न्हाई, आत्याबाई. दमलं हुतं ते."

खरं काय ते मला आजही माहीत नाही. आम्ही त्याला डाळिंबाच्या बुडाशी पुरलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळ करून तांब्या घेऊन तुळशीपाशी गेल्या आणि बोटं बुडवून पानापानावर शिंपडायला लागल्या. त्या उन्हात पानांवरचं पाणी बघता बघता सुकत होतं. मला राहवलं नाही.

"आत्याबाई, आता मुळाशी वता की. पानी वाया जातंय."

त्यांनी हात थांबवला नाही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.