अल रय्यानमधला एक निकाल

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस वंदन करून, नाशिक सोडल्याला आज एक वर्ष पूर्ण होत आहे त्या निमित्ताने, जुन्या जिल्हा संघातील मित्रांस आणि देशांतर केलेल्या सर्वांस हे लिहितो.

निघालो त्या सकाळी आपला यष्टिरक्षक वासू फाटकाशी आला होता. टॅक्सीचे दार लावताना म्हणाला, "शास्त्री, मामांना इथेच ठेवून जा. विमानात वजन जास्त होईल." मी हसलो नाही.

मामा म्हणजे ते पंच. अकरा हंगाम मी मॅटिंगवर लेगस्पिन टाकली. पाठशाळेतला मुलगा चामड्याचा चेंडू हाताळतो म्हणून वडील दारातच अडवीत: "आधी विहिरीवर जा, मग संध्येला बस." राज्य संघाच्या निवड सामन्यात माझा चेंडू मधल्या यष्टीसमोर फलंदाजाच्या पॅडवर आदळला. पंचांनी नकारार्थी मान हलवली. ते त्या फलंदाजाचे सख्खे मामा होते. माझे नाव यादीत आले नाही. पुढेही कधी आले नाही. साठ वर्षे मी त्या मान हलवण्याचा एकच अर्थ लावीत आलो.

येथे आखातात, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, श्रीकांतकडे, माझ्या मुलाकडे, राहतो. विहिरीच्या जागी शॉवर आहे. नात संध्येच्या पळीला 'स्पून' म्हणते. सून "बाबा, रिलॅक्स" म्हणाली, तरी ही काही लपवते आहे असे वाटते; शंकेची ही माझी जुनी सवय.

गेल्या शुक्रवारी अल रय्यानच्या मैदानावर इथल्या मराठी मुलांच्या सामन्याला पंच आलाच नाही. "काका, तुम्हीच उभे राहा," मुले म्हणाली. फलंदाजी श्रीकांतच्या संघाची; मला यात काही डाव वाटला. पण विरुद्ध संघाचा कप्तानच म्हणाला, "काका रोज संध्या करतात, ते कशाला खोटं बोलतील? यल्ला, चला."

साताऱ्याचा अनिकेत लेगस्पिन टाकू लागला. त्याचे मनगट इतके सुरेख वळत होते, की पंचाने जिथे पाहायचे ते सोडून मी मनगटच पाहत राहिलो. चेंडू श्रीकांतच्या पॅडवर लागल्याचा आवाज आला. अपील झाले. तो कुठे लागला, हे मी पाहिलेच नव्हते. शंकेचा फायदा फलंदाजाला, असा नियम आहे; मी नकारार्थी मान हलवली.

षटक संपल्यावर माझ्याकडे दिलेली टोपी परत घेताना अनिकेतने हळूच विचारले, "काका, श्रीकांतदादा तुमचेच ना?"

मामांनीही कदाचित पाहिले नसेल, हे त्या दिवशी प्रथमच सुचले. पूर्ण विश्वास अजून बसत नाही. समोर श्रीकांत नसता, तर माझे बोट वर गेले असते काय? तेही शपथेवर सांगता येत नाही.

आपल्यावरचा अन्याय जिथे सर्वांना ठाऊक, ते घर, असे मी इतकी वर्षे मानले. आता ज्या माणसापायी स्वतःच्या सचोटीचीही शंका येते, त्या श्रीकांतजवळ माझे घर आहे. अनिकेतला येत्या शुक्रवारी जेवायला बोलावले आहे. मी पाहिले नव्हते, हे त्याला सांगायचे आहे. मामांनी मला कधी बोलावले नाही. "इन्शाल्ला, काका," एवढेच तो म्हणाला. येईलसे वाटत नाही. पान मात्र मांडणार आहे.

हे वाचणाऱ्यांची व त्यांच्या घरच्यांची दृष्टी निर्मळ राहो, आणि त्यांच्या उंबऱ्याशी आलेला कोणीही मनात किंतु घेऊन परत न जावो.