साडूभाऊंचं शेवाळ

माझ्या साडूभाऊंइतका रागीट माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नसेल, आणि तो सगळा राग त्यांनी एका नाल्यावर खर्च केला. कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गावाबाहेर सूत रंगवायचा कारखाना होता. त्याचं पाणी कधी लाल, कधी जांभळं होऊन नाल्यात उतरायचं. यावर साडूभाऊंचा उपाय एकच, शेवाळ! उन्हात वाढता वाढता ते पाण्यातला रंग मोडून टाकतं, हे त्यांनी न्हाव्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना पटवलं होतं. गच्चीवर बरण्या, बादल्या, मेहुणीची चांगली पातेलीसुद्धा हिरव्या पाण्याने भरलेली. एका लग्नात तर, "हा रंग कोणाच्या विहिरीत उतरला, ठावं हाय का?" असं गरजून त्यांनी नवरदेवाच्या मामाला गुलाबी फेट्यासकट पंगतीतून उठवलं.

शेवटी नाल्याचं लाल पाणी ग्लासात भरून ते थेट कारखान्याच्या मालकापुढे गेले. "घ्या शेठ, सरबत. आमची जनावरं रोज पिऊन राह्यलीत, तुम्हाला काय होतंय?" ब्याद टळावी म्हणून मालकाने मागची एक जुनी टाकी त्यांना देऊन टाकली. साडूभाऊंनी कारखान्याचं रंगीत पाणी आधी तिच्यात वळवलं, वर शेवाळ सोडलं, सुट्टीभर उन्हात उभं राहून ते जपलं, आणि खरंच, टाकीतून नाल्यात पडणारं पाणी फिकट होत गेलं. "पुरं साफ न्हाई, पण लाल बी न्हाई," ते लहान पोरासारखे सांगत सुटले.

मग कोणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून मालकाने काय करावं? ती टाकी घासून घेतली आणि आतून चुना मारला! "साहेबांना अशी घाण कशी दाखवायची?" पांढरीशुभ्र टाकी बघून साहेबांनी शाबासकी दिली, चहा घेतला आणि गेले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

कळल्याबरोबर आम्ही दोघं तिथे गेलो. हे आता मालकाचं नरडं धरतात, या भीतीने मी त्यांच्या मागेच होतो. पण ते कोरड्या टाकीच्या काठावर नुसते बसले. नाल्याकडून म्हैस घेऊन एक बाई आली.

"सर, मधी पाणी बरं आल्तं. म्हैस तोंड लावू लागल्ती. आता पुन्हा लाल कामून?"

साडूभाऊंनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"परत लावू, बाई," ते म्हणाले. "जरा वेळ लागंल."

मालकाने पुन्हा त्यांना फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. साडूभाऊंचा आरडाओरडा मी जन्मभर हसत सोसला; त्या बाईशी बोलतानाचा तो हळू आवाज मात्र अजून सोसत नाही.