वस्तीवरच्या बोअरचा नमुना

माझ्या सुनेला मोबाइलवर काहीही सापडतं. नेकनूरच्या बाजारातले भाव, बसची वेळ, लेकराच्या पोटदुखीवरचा उपाय. त्या दिवशी तिला आमच्या बोअरचं पाणी सापडलं.

नातू तेव्हा दोन महिन्यांचा होता. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं आणि बजावलं, की पाणी तपासलेलंच वापरा. मुलगा आणि सून शेतातल्या वस्तीवर राहतात. पाच घरांची वस्ती, सगळ्यांत मिळून एकच बोअर. मी आणि बायको गावात. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. नाव मोठं, काम एवढंच, की गावातल्या प्रत्येक विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी बाटलीत भरायचं, बाटलीवर चिठ्ठी डकवायची आणि बाटल्या तपासणीच्या गाडीत चढवायच्या.

“मामा, हे बघा,” सून म्हणाली. “पाण्याचं, भूजलाचं, आरोग्याचं, समद्या खात्यांचं आता एकाच ठिकाणी दिसतंय. कुणीबी बघावं. आपल्या वस्तीचं बोअर बी हाय. नायट्रेट मर्यादेत, पिण्यायोग्य.” आणि कौतुकानं हसली. “तुमीच दिलेला नमुना हाय की.”

मी “हां, हां” म्हणालो, पण माझी पाचावर धारण बसली होती. नमुना मी दिला होता हे खरं. फक्त तो वस्तीच्या बोअरचा नव्हता.

वस्तीची वाट काळ्या रानातून जाते. पाऊस झाला की पाय चिखलातून उपटून काढावा लागतो. गाडी अकराला येणार असली की मी दहाला पंचायतीसमोरच्या नळाखाली बसायचो आणि सगळ्या बाटल्या तिथंच भरायचो. चिठ्ठ्या मात्र इमानदारीनं वेगवेगळ्या लावायचो, अक्षरही सुरेख काढायचो. अहवाल फायलीत जायचा आणि फाईल कपाटात. तो कुणी उघडून वाचेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. आता सरकारनं सगळ्यांची कपाटं एकदम उघडून ठेवली, आणि वाचणारी पहिली निघाली ती माझ्याच घरातली. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

“उकळून देत जा बरं,” मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. प्रशिक्षणात सांगितलेलं आठवलं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते उलट वाढतं. खताच्या रानातून, उकिरड्यातून ते खाली झिरपतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या लेकराच्या पोटात जास्त गेलं तर लेकरू निळं पडतं. आमच्या बोअरच्या एका अंगाला ऊस, त्याला पोत्यानं युरिया. दुसऱ्या अंगाला पाच घरांचा उकिरडा. प्रशिक्षणातलं बाकी सगळं मी विसरलो होतो, हे तेवढं राहिलं होतं.

“नको, उकळू नको. मी गावातल्या नळाचं आणून देतो.”

“कावून? आपलं चांगलंय की.”

“नळाचं पचायला हलकं हाय,” मी ठोकून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी गाडीवर पाण्याचा कॅन बांधून मी वस्तीवर जायला लागलो. गेल्या गेल्या नातवाला उचलून अंगणात उजेडात न्यायचो. आधी ओठ बघायचो, मग नखं. पोरगं सावळं. सावळ्यात निळं कसं ओळखायचं हे काही मला शिकवलं नव्हतं. रोज वाटायचं, कालच्यापेक्षा आज निळं आहे. एकदा बायको बरोबर आली होती. ती म्हणाली, “लेकराला खेळवताव का कापसाची बोंडं तपासताव?” मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरी आल्यावर जेवण जाईना. सांगावं तर सुनेसमोर काय तोंड राहणार, आणि पंचायतीत कळलं तर काम जाणार, हाच हिशेब चाललेला. आज त्याची लाज वाटते.

चार दिवसांनी सकाळी जायला जमलं नाही. दुपारी गेलो तर कॅन कोरडा. सून बाटलीत पावडर घालून हलवत होती.

“पाणी कुठलं घेतलंस?”

“सकाळीच संपलं, म्हणून बोअरचं घेतलं. आपलं बी पिण्यायोग्यच हाय की, मामा.” तिनं बाटली लेकराच्या तोंडाला लावली.

मी ती हिसकावून घेतली. लेकरू कळवळून रडायला लागलं. सून माझ्याकडे बघतच राहिली. सासऱ्यानं असं अंगावर धावून येणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगून टाकलं. नळ, बाटल्या, चिठ्ठ्या, सगळं. उद्या खरा नमुना भरून स्वतः बीडला घेऊन जातो म्हणालो. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती लेकराला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली.

मग तिनं विचारलं, “मामा, दुसऱ्या गावांत तरी खरं भरत असतील ना?”

“का गं?”

“माझ्या बहिणीचं लेकरू तीन महिन्यांचं हाय. तिच्या गावाचं बी मीच मोबाइलवर बघून सांगितलंय तिला. पाणी चांगलं हाय, पावडरचं दूध बिनधास्त दे म्हणून.”

त्या गावचा जलसुरक्षक आमच्या सोयऱ्यांतलाच. लांबच्या विहिरी हिंडून पायांचे तुकडे पडतात म्हणून एका लग्नाच्या पंगतीत तो रडत होता. एका नळाखाली बसून सगळ्या बाटल्या भरायची अक्कल त्याला मीच शिकवली होती, आणि वर दोघंही हसलो होतो.

“फोन लाव तिला,” मी म्हणालो. “लाव आन माझ्याजवळ दे. मी सांगतो.”