आईच्या गाडीचा जोड

आमची चूल भाजीच्या हातगाडीवर चालायची. वडील गेल्यावर आई वांकिडीच्या बाजारात ती ढकलत न्यायची. बाजाराआधी एक चढ आहे. तिथं चाकांचा आस सांगाड्यापासून निखळायचा आणि वांगी रस्ताभर घरंगळायची. रस्त्याकडेचा वेल्डर गंजावरच डाग मारून द्यायचा, जोड पुन्हा उकलायचा. मग आई टोपलं डोक्यावर घेऊन निघायची. उरलेली भाजी घरीच सुकायची.

मी बीए झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे मी मान वर करूनच सांगते. त्यानंतर बेल्लमपल्लीला मिग वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा आई म्हणाली, "बीए काऊन केलं मंग? ठिणग्या उडवाले?"

"तुही गाडी जोडाले."

"गाडीचं मी पायते. तू खुर्चीवर बैस."

शिकवणारे सर तेलुगू, बोलायचे हिंदीत. मशीनआधी त्यांनी कपडे पाहिले. माझा नायलॉनचा कुर्ता चिमटीत धरून म्हणाले, "तुम्हारे इलाके में कपास उगती है और ये पहनते हो? चिंगारी पड़ी तो चमड़ी से चिपकेगा." दुसऱ्या दिवसापासून जाड सुती शर्ट, कातडी एप्रन, हातमोजे, बूट.

काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढला की वर्गाची शेड नाहीशी व्हायची. हिरवट अंधारात वितळलेल्या लोखंडाचं बोराएवढं तळं तेवढं हलत राहायचं. वेल्डिंगच्या बंदुकीतून तार आपसूक पुढे यायची. हात जमला की भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज निघे, आणि मला वाटायचं, मी त्या तळ्याच्या काठाकाठाने चालले आहे, कुठून निघाले ते विसरून.

एकदा सरांनी घरचं काम आणायला सांगितलं. मी गाडीचा सांगाडा भाजीच्या टेम्पोतून आणला. गंज घासून लोखंड चकचकीत केलं, विजेची वाट पुरी करणारा अर्थिंगचा चिमटा त्याला घट्ट लावला. भर मे महिना, वर पत्रे तापलेले. आमच्याकडे उन्हाळ्यात जो काम करतो, त्याच्याकडे पंखा वळवायची रीत. शेजारच्या मुलीने मायेनं तसाच वळवला. मला बरंच वाटलं.

जोड मारून मुखवटा वर केला, तर तो अनारशासारखा जाळीदार.

"पंखा किसने घुमाया?" सर ओरडले. मग शांतपणे सांगितलं: बंदुकीतून तारेसोबत गॅस येतो, तोच वितळलेल्या लोखंडाला बाहेरच्या हवेपासून झाकतो. वाऱ्याने तो उडाला की जोड आतून पोकळ.

मला आई आठवली, तुळशीपुढच्या दिव्याला पदराचा आडोसा धरणारी. मी पंखा दाराकडे वळवला, धूर बाहेर जाईल असा. सच्छिद्र जोड घासून काढला. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी त्या तळ्याच्या काठाने पुन्हा हळूहळू चालत गेले.

गाडी घरी आली. आईने मुद्दाम भोपळे रचले, वर म्हणाली, "मोडली तं तुलेच जुंपते."

चढ आला. मी मागून हात लावला.

"हात काढ," आई म्हणाली, "तुहा जोड पाहू दे."

मी हात काढला. गाडी चढली.

आता मी पगारी वेल्डर आहे. आईची गाडी त्या चढावर परत मोडलेली नाही.