इंदूबाईंना वाचून दाखवलेली पत्रिका

‘‘काका, त्या दिवशी वाचली तशीच वाचा,’’ प्रणिता म्हणाली आणि स्वतःच्याच लग्नाची पत्रिका तिने माझ्या टेबलावर ठेवली. शेजारच्या स्टुलावर तिच्या आई इंदूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. इंदूबाईंना वाचता येत नाही. मला येतं. अडचण तीच होती.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात माझं छोटं ऑफसेट प्रेस आहे. चोवीस वर्षं मी लग्नपत्रिका छापतो. आमच्याकडे पत्रिकेला दोन बाजू लागतात. एक मराठी, किनवट-यवतमाळच्या पाहुण्यांसाठी. दुसरी तेलुगू, ऑफिसातल्या आणि शेजारच्या लोकांसाठी. मजकूर घरचे लिहितात असा लोकांचा समज असतो. घरचे फक्त नावं देतात. मजकूर माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतो. मराठीच्या तीन फाइली होत्या: ‘वडील आहेत’, ‘वडील नाहीत’ आणि ‘दोघंही नाहीत’. ‘आई बोलावते’ अशी फाइल नव्हती. कोणी मागितलीच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

इंदूबाई बाजारात मेथी-पालक विकतात. नवरा गेला तेव्हा प्रणिता दीड वर्षाची होती. आता ती बोथच्या दवाखान्यात नर्स आहे. लग्न ठरलं तशा इंदूबाई प्रेसवर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘‘लिवजो भाऊ. इंदूबाई बोलावून राह्यली, समद्यांनी या.’’

‘‘असं नसतं लिहीत, बाई. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव लागतं.’’

‘‘घरात मोठी मीच हाय. दुसरं कोण हाय?’’

मी हसून मान हलवली. त्या गेल्यावर ‘वडील नाहीत’ उघडली. या फाइलीत वर कै. म्हणून वडिलांचं नाव असतं. खाली निमंत्रक, म्हणजे बोलावणारा, म्हणून थोरल्या काकाची जागा रिकामी असते. विधवा आईचं नाव शेवटून तिसऱ्या ओळीत, बारीक टायपात. रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. मी तलमडुगू गावी फोन लावला, इंदूबाईंच्या थोरल्या दिरांना, दादारावांना. त्यांची निवडणुकीची पत्रकं मीच छापायचो. भाऊ गेल्यापासून ते त्या घरी फिरकले नव्हते. पुतणीचं लग्न ठरल्याचं त्यांना माझ्या फोनवरच कळलं.

‘‘बरं केलं सांगतलं,’’ ते म्हणाले. ‘‘निमंत्रक मीच. शुभ कामात तिचं नाव वरतं नोको. तुमी प्रेसवाले, तुमाले रिवाज मालूमच हाय.’’

मला मालूमच होता.

दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर सतरा नावं आली. दादाराव ‘माजी उपसरपंच’. मुलगा ‘युवा नेते’, कोणाचे नेते ते लिहिलं नव्हतं. चार महिन्यांचा नातू ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ असा आग्रह करत होता. इतकी माणसं बसवायची तर वधूचं नाव दोन पॉइंटांनी लहान करावं लागलं. आमच्या धंद्यात याला ॲडजस्टमेंट म्हणतात.

तेलुगू मजकूर प्रणिताने स्वतः लिहून पाठवला. पहिल्याच ओळीत होतं, माझ्या मुलीच्या लग्नाला मी, इंदूबाई, तुम्हाला बोलावते. तेलुगूचा फॉरमॅट माझ्याकडे नाही, म्हणून आलं तसं छापलं. पत्रिकेतला बरोबर भाग तेवढाच, आणि त्यात माझं कौशल्य शून्य.

मग प्रूफ. प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा नमुना. गिऱ्हाइकाने वाचून ओके दिला की पुढची जबाबदारी त्याची. इंदूबाई दुपारी बाजारातून तशाच आल्या, हातांना मेथीचा वास.

‘‘वाचून दाखव भाऊ.’’

मी प्रूफ समोर धरलं आणि त्यात नव्हतं ते वाचलं. ‘‘श्रीमती इंदूबाई आपणांस आग्रहाचे निमंत्रण देत आहेत...’’ दादारावांशी वाकडं नको, बाईंचं मन मोडायला नको. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं.

‘‘अजून एक डाव वाच.’’

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त रंगवून. त्यांनी पदराने बोट पुसलं आणि प्रूफवर अंगठा दिला. तो कागद माझ्या खणात अजून आहे.

दोनशे पत्रिका युवा नेते परस्पर घेऊन गेले. बाकीचा गठ्ठा इंदूबाईंकडे गेला. ड्यूटीवरून आलेल्या प्रणिताने तो सोडला, दोन्ही बाजू वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी माझ्यासमोर होत्या.

मी वाचलं. कै. पासून नातवापर्यंत, आहे तसं. मशीन बंद होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू जात होता. शेवटून तिसऱ्या ओळीत इंदूबाईंचं नाव आलं.

‘‘झालं?’’ इंदूबाईंनी विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘पोरगी कोणत्या शाळेत होती, हे तरी दादारावले मालूम हाय का?’’ त्यांनी पत्रिका माझ्याकडे सरकवली. ‘‘त्या दिवशी लय गोड वाचलं होतं तू. रेडिओवानी. म्या घरी जाऊन प्रणिताले तसंच्या तसं म्हणून दाखवलं.’’

‘‘बाई, रिवाज असतो...’’

‘‘मंग रिवाज त्याले सांगतला अन् मले काऊन गोष्ट सांगतली? मले वाचता येत नाही म्हणून?’’

उत्तर ‘हो’ होतं. मी नुसते हात जोडले.

‘‘माफी मागून राह्यले का छापून देता?’’ प्रणिता म्हणाली. ‘‘लग्नाले बारा दिवस हायेत.’’

छापून दिलं. मराठी बाजूवर एकच निमंत्रक, पाच ओळी. इतकी छोटी पत्रिका मी आधी कधी छापली नव्हती.

तोवर दादारावांच्या पत्रिका किनवटपर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्याही मागच्या बाजूला तेलुगूत इंदूबाईंचं नाव पहिलं होतं. दादारावांनी ती बाजू उलटून पाहिली नव्हती. नवी पत्रिका हाती पडली तेव्हा मात्र त्यांचा फोन आला. ‘‘आमचं नाव खोडलं? आमी येत नाही.’’ आणि ते शब्दाला जागले.

लग्नाच्या दिवशी लोक दादारावांची पत्रिका हातात घेऊन मंडपाच्या दारात येत आणि विचारत, ‘‘दादाराव कुठी हायेत?’’ सतरांपैकी एकही जण नव्हता. आग्रह करणारा नातूही नव्हता. दारात इंदूबाई उभ्या होत्या. प्रत्येकाला त्या शांतपणे एकच सांगत होत्या.

‘‘म्या बोलावलं. या, बसा. पत्रिकेत चुकलं हाय. काऊन चुकलं ते छापणाऱ्याले विचारा. तो पाहा, तिकडं जेवून राह्यला.’’

मी पानावरून मान वर केली तर किनवटचं एक अख्खं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. जिलेबी तोंडात होती. ती गिळायला वेळ लागला.

आता ज्याला वाचता येत नाही अशा गिऱ्हाइकाला मी स्वतः प्रूफ वाचून दाखवत नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याला बोलावतो. त्याचा या धंद्याशी संबंध नाही, त्यामुळे तो लिहिलेलंच वाचतो. ‘आई बोलावते’ ही चौथी फाइल केली आहे. ‘वडील नाहीत’ मात्र अजून डिलीट केलेली नाही, कारण ती मागणारे रोज येतात. फक्त त्यातली रिकामी जागा भरायला मी आता कोणाला फोन लावत नाही.