निघायची परवानगी

कॅनडात एटोबिकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर मी सुकट भाजायला घेतली, की कॉरिडॉरमधले लोक नाकं मुरडतात. एकदा तर लिफ्टमध्ये नोटीसच लागली, की रहिवाशांनी स्वयंपाकाच्या वासाबाबत शेजाऱ्यांचा विचार करावा. नोटिशीत नाव नव्हतं, पण मजल्याचा नंबर होता. नवरा म्हणाला, "आता तरी बंद कर तुझी सुकट." मी मुद्दाम दुसऱ्याच दिवशी परत भाजली. अर्ध्या तासात दार वाजलं. भांडायच्या तयारीनं उघडलं, तर समोरच्या घरातल्या घानाच्या बाई उभ्या होत्या. डोक्याला रंगीत कापड बांधलेलं, हातात रिकामी पिशवी. विचारतात काय, तर हा वाळवलेला मासा कुठल्या दुकानात मिळाला.

त्या साठीच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. कुमासी शहरातून तीस वर्षांपूर्वी इथं आलेल्या. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं, भरवायचं काम करत. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती ब्रॅम्प्टनला राहायची. त्या दिवशी दारातच उभ्या राहून आम्ही मासा कसा निवडावा आणि किती भाजावा यावर पाऊण तास बोललो, मी माझ्या नागपुरी इंग्रजीत आणि त्या त्यांच्या कुमासीच्या. जाताना म्हणाल्या, "थँक यू, माय सिस्टर." मी मनात त्याचं 'ताई' करून टाकलं आणि त्यांनाही ताईच म्हणायला लागले. चूक तिथंच झाली. ताई आपण कुणालाही म्हणतो, भाजीवालीला, बँकेतल्या कॅशियरला, रस्ता विचारताना भेटलेल्या बाईला. त्यांची 'सिस्टर'ही तशीच असणार, असं मी धरून चालले.

ताई त्यांच्या गावाकडच्या लोकांच्या मंडळात पुढे असायच्या. मंडळ मला नवीन नव्हतं. आमचंही आहे: एप्रिलमध्ये जयंती, महिन्यातून एकदा विहारात वंदना, आणि खुर्च्या कोण आणणार यावर व्हॉट्सॲपवर दोनशे मेसेज. त्यांचंही हुबेहूब तसंच निघालं. पत्रिकेवर चार वाजता लिहिलेलं असलं की माणसं सात वाजता उगवायची. माइक पहिली दहा मिनिटं नुसता किंचाळायचा. अध्यक्ष दोन शब्द बोलतो म्हणायचे आणि तोवर जेवण गार व्हायचं. एकदा ताईंनी मला एका बाळाच्या बारशाला नेलं, म्हणाल्या पांढरे कपडे घाल. नवऱ्याला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली असेल. पण मी बौद्ध घरातली, माझं लग्नच पांढऱ्या साडीत लागलेलं. चर्चच्या बेसमेंटमध्ये शंभर माणसं पांढऱ्यात नाचताना पाहून मला फार बरं वाटलं. मंगल कार्याला पांढरं कसं, हे कॅनडात पहिल्यांदाच कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची पार्कात पिकनिक व्हायची. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये टोमॅटोचा लालभडक भात, कोळशावर भाजलेलं मटण, दुपारभर ढोल. नायजेरियाच्या कुणी पाहुण्यानं 'आमचा भात जास्त चांगला' म्हटलं की अर्धा तास खरंच भांडण व्हायचं. मी कांदाभजी करून न्यायचे, ती पाच मिनिटांत संपायची. अशी तीन-चार वर्षं गेली.

मग मागच्या मे महिन्यात ताईंची आई कुमासीला वारली. एक्क्याण्णव वर्षांची होती. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. त्यांच्याकडे दफन लगेच होत नाही, घरचे सगळे जमेपर्यंत थांबतात. पण गुडघा बरा होईपर्यंत थांबायला भाऊ तयार नव्हते. मी गेले तेव्हा त्या स्टुलावर पाय ठेवून सोफ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोरली मी. आणि आईला मातीत ठेवताना मीच नसणार." एवढंच बोलल्या आणि मला चहाचं विचारलं.

शेवटी ठरलं ते असं: जूनमधल्या एका शनिवारी सकाळी तिकडे दफन होईल, आणि त्याच संध्याकाळी इथं हॉल घेऊन मंडळ सगळा दुखवटा रीतसर पाळेल. आधीच्या आठवड्यात ताईंनी मला बोलावून काळ्या-लाल नक्षीच्या कापडाचा एक तुकडा दिला आणि कमरेला कसा गुंडाळायचा ते दाखवलं. म्हणाल्या, "हे तुझं." माझ्याकडे काळी साडी नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून दिलं असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "धुऊन परत देते." त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली हे मला फार उशिरा कळलं.

हॉल वॉन या शेजारच्या शहरात होता, एका बाजूला टाइल्सचं वेअरहाऊस, दुसऱ्या बाजूला ट्रकचे टायर बदलायचं दुकान. मी मूर्खासारखी बरोबर चार वाजता पोचले आणि दोन तास खुर्च्या मांडल्या. दारात म्हातारीचा माणसाएवढा फोटो लावला होता. पाण्याच्या बाटल्यांवरही तिचाच फोटो होता, पाहुण्यांना घरी न्यायला. साडेसहाला हॉल भरला. ताई वॉकर घेऊन आल्या, समोरच्या रांगेत बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर हात थोपटून मला म्हणाल्या, "इथं." त्या रांगेत सगळ्यांच्या अंगावर तेच कापड होतं, माझ्या अंगावर होतं तेच. हे मी पाहिलं. पाहूनही त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

आलेला प्रत्येक माणूस रांगेतल्या सगळ्यांशी उजव्या हातानं हस्तांदोलन करत पुढे जायचा आणि हळूच 'दुए, दुए' म्हणायचा, म्हणजे वाईट झालं. दोनेकशे माणसं तरी असतील. माझी अंगठी बोटात रुतून बोट सुजलं. बायका नाचल्या, रडल्या, परत नाचल्या. आठ वाजता ढोल थांबले आणि दोघं जण प्रोजेक्टरचा पडदा खाली सोडायला लागले. मंडळानं पडदा सोडला की काय होतं हे मला पक्कं माहीत होतं: वायर सापडत नाही आणि मग भाषणं. दुसऱ्या दिवशी विहारात भोजनदान होतं, चाळीस माणसांचा भात माझ्याकडे होता, आणि नवऱ्याचा पार्किंगमधून दुसऱ्यांदा मेसेज आला होता. ताई पलीकडच्या माणसाशी बोलत होत्या. मी हळूच उठले आणि कडेकडेनं बाहेर पडले.

हे मी बेफिकिरीनं केलं नव्हतं, उलट फार जपून केलं होतं. एरवी आपण निघताना 'येते' म्हणतो, 'जाते' कधी म्हणत नाही. पण दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नाही, हे आईनं लहानपणीच बजावलेलं. नाहीतर तसल्याच कारणानं त्या घरी पुन्हा यावं लागतं. निरोप घ्यायचा नाही, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. माझे बाबा शुभ-अशुभ काही मानत नसत, पण मयतीच्या घरून तेही मुकाट्यानं उठायचे. तशी मी उठले, आणि शहाण्यासारखी वागले असं समजून गाडीत बसले.

सोमवारी मी कापड धुऊन, इस्त्री करून, थँक यू कार्डासकट पिशवीत घातलं आणि ताईंच्या दाराच्या हँडलला अडकवून ऑफिसला गेले.

त्यानंतर ताई माझ्याशी बोलेनात. दार वाजवलं तर आत टीव्ही चालू, पण उत्तर नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तर मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. पहिले चार दिवस मी म्हटलं, दुःखात आहेत. मग माझंही डोकं फिरलं. दीड तास रांगेत बसले, बोट सुजवून घेतलं, खुर्च्या मांडल्या, आणि वर हे! नवऱ्याला म्हटलं, "जाऊ दे, आपण कशाला पाया पडायचं?" तो म्हणाला, "तू काहीतरी केलं असशील बे, नीट आठव." मला त्याचाही राग आला. दोन आठवडे मी सुकट भाजली नाही.

मग एका शनिवारी खाली लॉन्ड्री रूममध्ये ताईंची मुलगी भेटली. ती इथंच वाढलेली, पंचविशीची, एरवी मोकळी. त्या दिवशी तिनं आधी सगळे कपडे मशीनमध्ये घातले आणि मगच माझ्याकडे वळली.

"आंटी, यू जस्ट लेफ्ट," ती म्हणाली. "असं कोण करतं?"

तो पडदा भाषणांसाठी नव्हता. सकाळी कुमासीला झालेल्या दफनाचा व्हिडिओ भावांनी पाठवला होता आणि तो सगळ्यांसमोर दाखवायचा होता. ताईंनी तोवर तो एकटीनं उघडला नव्हता. शवपेटी खाली सोडायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला आणि तो रिकाम्या खुर्चीवर पडला. त्यांनी मान खाली घातली. व्हिडिओ संपेपर्यंत वर पाहिलंच नाही. नंतर लोकांनी विचारलं, तुझी बहीण कुठं गेली? कारण ते कापड फक्त घरच्यांना देतात. आणि घरचा असो की पाहुणा, त्यांच्यात निघताना परवानगी मागायची असते. 'मला वाट द्या' असं म्हणायचं असतं आणि घरच्यांनी दिल्यावरच उठायचं असतं. न सांगता उठणं म्हणजे तुमच्याशी माझा संबंध नाही. "अँड देन यू रिटर्न्ड द क्लॉथ," मुलगी म्हणाली. "आईनं अजून तो व्हिडिओ पाहिला नाहीये. मी लावते म्हटलं तर नको म्हणते."

मी ड्रायरला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. माझे बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नव्हतं. चितेला अग्नी देताना चुलतभावानं फोन धरला होता आणि मी ते सगळं ऑफिसच्या वॉशरूममध्ये दार लावून पाहिलं होतं, एकटीनं. त्या वेळी धरायला एक हात असता तर काय झालं असतं, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. लाज वाटली. मुलीला मी आमची रीत सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नका सांगू. तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. या वेळी दार उघडलं. ताई वॉकर वळवून सोफ्यावर जाऊन बसल्या. मी उभीच राहिले आणि सगळं सांगून टाकलं: 'येते' म्हणायचं नसतं, का म्हणायचं नसतं, चपला कशा घालायच्या.

"म्हणजे तुमच्यात मेलेल्याच्या घरून माणसं चोरासारखी जातात?"

"हो."

"माझ्या घरी पुन्हा मरण येऊ नये म्हणून तू गप्प गेलीस?"

"हो. मला वाटलं तेच बरोबर आहे."

"आणि कापड?"

"तो माझा मूर्खपणा. कापड मला परत द्या, ताई."

त्यांनी दाराकडे बोट केलं. पिशवी मागच्या खुंटीला तशीच लटकत होती, कार्डासकट. मी कापड काढून जीन्सवरूनच कमरेला गुंडाळलं. चुकीच्या बाजूनं गुंडाळलं, तर त्यांनी जवळ बोलावून सोडलं आणि नीट बांधून दिलं. मग मला शेजारी बसवलं आणि रिमोट उचलला.

व्हिडिओ अठरा मिनिटांचा होता. लाल माती, काळ्या-लाल कपड्यांतली शेकडो माणसं, पेटी खांद्यावर घेतलेले चौघं. ताई टीव्हीकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, सगळा वेळ. पेटी खाली गेली तेव्हा मी रडले, आणि मला रडताना पाहून त्यांनी मान हलवली. शेवटी पडदा काळा झाला. घरी नवरा जेवायचा थांबला होता. मी डोळे पुसले आणि आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ताई, मला निघायची वाट द्या."

"नाही," त्या म्हणाल्या. "आता मला पाहायचंय." त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.